आज्ञा असावी

अण्णांच्या शोकसभेत लावायला त्यांच्या गाण्याची एखादी कॅसेट किंवा सीडी द्या, म्हणून दोन गृहस्थ माझ्याकडे आले होते. माझ्याकडे नाही, असं मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. सात-आठ महिने दर रविवारी अण्णा माझ्या कॉम्प्युटरसमोर तंबोरा घेऊन बसत आणि इथून उठलेला सूर त्याच घटकेला अमेरिकेत, दुबईत, पुण्यात ऐकू जाई, ही गोष्ट शाहूपुरीत सगळ्यांना माहीत होती. मग त्यातलं काहीच शिल्लक नाही, हे कसं? त्यांतले एक जरा दुखावल्या आवाजात म्हणाले, "जपून ठेवायला काय झालं होतं?" शेवटी सभेत फोटोला हार घातला आणि पेटीवर कुणीतरी भजन म्हटलं. अण्णांना पेटी आवडत नसे. फोटोही.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. मला लिहायला वेळ लागतो, आणि यातली एक गोष्ट अशी आहे की ती लिहिताना हात थांबतो.

त्र्याण्णव साली कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून मी कोल्हापुरात आलो आणि अण्णांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी एकटा होतो, पुस्तकं बरीच होती. अण्णांनी भाड्याचं, पाण्याचं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "खाली गाणं चालतंय. ऐकू येणार. चालंल?"

मी म्हणालो, चालेल.

"चालंल नगं. हो म्हणा."

मी हो म्हणालो, तेव्हा त्यांनी किल्ली हातात दिली. त्या दिवसापासून मला ते 'पुस्तकवाले' म्हणू लागले. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, याची मला शंका आहे.

घराणं जैन, गुळाच्या व्यापारातलं. अडत दुकान दोघे भाऊ सांभाळत. अण्णांना दुकानात एकच काम होतं. हंगामात सौद्याच्या वेळी ते जात, गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, बोटाच्या पेराने टकटक करत आणि कान खाली नेऊन ऐकत. "ह्यात पाणी ऱ्हायलंय," म्हणाले की भाऊ तो माल घेत नसत. हे ते गमतीने करतात असं मला आधी वाटायचं. पुढे कळलं की भाऊ या कानाला फार मानत. दुपारी घरी आले की जेवण, वामकुक्षी, मग रियाज. सूर्य मावळायच्या आत संध्याकाळचं जेवण, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. हा क्रम त्यांनी कुणाच्या लग्नातही मोडला नाही.

रियाजाला बसण्याआधी अण्णा परवानगी घेत. तंबोरा लावून झाला की स्वयंपाकघराकडे तोंड करून, जरा वाकून म्हणत, "आज्ञा असावी." अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणत, "गा." मग पहिला सूर लागे. अक्का बाजारात गेलेल्या असल्या तर जो कुणी घरात येईल त्याची आज्ञा घ्यायची. एकदा मी जिन्यावर असताना गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. अण्णांनी त्यालाच विचारलं.

"तुमचं घर, तुमचा गळा. म्हणा की अण्णा," तो म्हणाला.

"हो म्हण."

"हो."

अण्णा गाऊ लागले. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. आपण हो म्हटलं म्हणजे आता निघता येत नाही, असं त्याला वाटलं असावं. मी त्याला खुणेने जा म्हणालो.

नुसती मान हलवलेली अण्णांना चालत नसे. तोंडाने शब्द यायला हवा. घरात कुणीच आलं नाही, तर तंबोरा तासभर छेडून ते तो गवसणीत घालत. एकदा मी धीर करून विचारलं, की घरातल्या घरात रियाजाला परवानगी कशाला? म्हणाले, "समोरच्यानं कान उघडल्याबिगर गायचं म्हंजे दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरायचं."

मैफलीला ते कधी गेले नाहीत. बोलावणी येत, कारण जुन्या माणसांना त्यांचा गळा आठवत होता. अण्णा प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवत. आणि टेप करण्याबद्दल तर बोलायची सोय नव्हती. कुणी एक डॉक्टर कापडी पिशवीत टेपरेकॉर्डर घेऊन ऐकायला आले होते. अण्णांनी अर्ध्या आलापीत तंबोरा खाली ठेवला आणि विचारलं, "पिशवीत काय हाय?" डॉक्टर ओशाळले. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "जेवणाचा फोटो काढून पाठवला, तर पल्याडचा जेवला म्हणायचं का?" असं म्हणाले खरे, पण त्या दिवशी तंबोरा पुन्हा उचलला नाही.

टेपचं त्यांना एवढं का लागतं, हे मला पाच-सहा वर्षांनी अक्कांनी सांगितलं. मी खाली पाणी भरायला आलो होतो, त्या तांदूळ निवडत होत्या. अक्का बेळगावकडच्या. बोलणं तोंडावर, पण त्या दिवशी आवाज बारीक करून बोलत होत्या.

अण्णांचे गुरू रंकाळ्याजवळ दोन खोल्यांत राहत. शिष्य दोनच टिकले. एक अण्णा, दुसरे त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे. ते बिद्रीला कारकुनी करायचे आणि दर शनिवारी एसटीने शिकायला यायचे. त्यांना अण्णा 'थोरले' म्हणत, म्हणून मीही तसंच लिहितो. गुरूंचा एक कडक नियम होता: गाणं टेप करायचं नाही. रेडिओचं बोलावणं आलं तेव्हाही ते गेले नव्हते. शेवटच्या आजारात ते एका दुपारी उठून बसले आणि मुलतानी गायले. अण्णांना वाटलं, हे आता पुन्हा कानावर पडायचं नाही. त्यांनी दुकानातला टेपरेकॉर्डर आणून आधीच पडद्यामागे ठेवला होता. तो सुरू केला. गुरूंना कळलं नाही. महिन्याभरात ते गेले.

ती कॅसेट अण्णांना घरात ठेववेना. दोन महिन्यांनी ते स्वतः बिद्रीला गेले, थोरल्यांना सगळं सांगितलं आणि कॅसेट त्यांच्यापुढे ठेवली. थोरल्यांनी ती उचलून खिशात घातली. बोलले काहीच नाहीत. चहासुद्धा विचारला नाही.

पुढे गुरूंची पहिली पुण्यतिथी आली. त्या शिष्यांत रीत अशी, की धाकट्याने आधी गायचं आणि गाण्याआधी समोर बसलेल्या थोरल्याची आज्ञा मागायची. पन्नासएक माणसं जमली होती. अण्णांनी तंबोरा लावला, वाकून म्हणाले, "आज्ञा असावी." थोरले पहिल्या रांगेत चष्मा पुसत होते. ते चष्मा पुसत राहिले. अण्णांनी पुन्हा विचारलं. थोरल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. अण्णा तंबोरा आडवा ठेवून खाली उतरले. त्यानंतर ते घराबाहेर गायले नाहीत.

"नको म्हणाले असते तर बरं झालं असतं," अक्का म्हणाल्या. "नको म्हटल्यावर माणूस भांडतंय, रडतंय, मोकळं हुतंय. ह्यांचं आजून तिथंच बसल्यागत हाय बघा."

तेव्हा मला सिलिंडरवाल्याचा प्रसंग आठवला, आणि तो आठवून आजवर हसत आलो होतो त्याची लाज वाटली.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर थोरल्यांची मुलगी शैला कोल्हापुरात आली. बिद्रीचं घर आवरून ती अण्णांना भेटायला आली होती. थोरले अमेरिकेत तिच्याकडे होते. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, अंथरुणावरच असत. एखाद-दुसरा शब्द बोलत, ऐकू मात्र चांगलं येत होतं. ती सहज म्हणाली, की अण्णाकाका, आता घरी बसून गायलं तरी तिकडे त्याच वेळी दिसतं आणि ऐकू येतं. कॉम्प्युटर हवा, वर छोटा कॅमेरा हवा. बाबा पडल्या पडल्या ऐकतील.

कॉम्प्युटर माझ्याकडे होता. ब्रॉडबँडही नुकतं घेतलं होतं. शैला गेल्यावर तिसऱ्या दिवशी अण्णा, गुडघे दुखत असताना, जिना चढून वर आले आणि माझ्या खुर्चीत बसले.

"पुस्तकवाले, खरं सांगा. गायलेलं त्या यंत्रात ऱ्हातंय का?"

मी सांगितलं, की ठेवलं तर राहतं. ठेवायचं नाही असंही करता येतं.

"म्हंजे गेलं की गेलं?"

"गेलं की गेलं."

"तिकडं त्यांनी ठेवलं तर?"

मी म्हणालो, शैलाला तसं सांगू, ती ठेवणार नाही. अण्णांनी मला तिला फोन लावायला लावला आणि तिच्या तोंडून ते वदवून घेतलं. मग म्हणाले, "मग हे गाणंच झालं की."

आणखी एक अडचण होती. मुलतानी सूर्य कलल्यावर गातात. इथे साडेपाच वाजता बसलं तर तिथे सकाळचे सात. गाणाऱ्याची वेळ धरायची की ऐकणाऱ्याची? यावर त्यांनी आठवडा घालवला. शेवटी ठरवलं, की जिथे तंबोरा, तिथली वेळ.

कॉम्प्युटर मी खाली आणला. अक्कांनी त्याच्याखाली भरतकामाचा रुमाल अंथरला. पडद्यावर एका बाजूला अण्णा दिसत, खाली एक छोटी चौकट होती. ऐकणाऱ्यांचा आवाज आपल्याला येत नसे. त्यांनी काही टाइप केलं तर ते त्या चौकटीत उमटे, तेही वीस-पंचवीस सेकंदांनी. अक्षरं बारीक आणि रोमन, अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे आलेलं मी मोठ्याने वाचून दाखवायचं, असं ठरलं. माझ्यावर तेवढंच काम होतं.

पहिल्या रविवारी अण्णांनी पांढरा सदरा, टोपी घातली. तबल्याला बिंदू चौकातले एक जण आले होते. साडेपाचला शैलाचा निरोप उमटला, आम्ही बसलोय. अण्णांनी डावा कान चिमटीत धरून गुरूंचं नाव घेतलं, कॅमेऱ्याकडे वाकले आणि म्हणाले, "आज्ञा असावी."

मी चौकटीकडे बघत राहिलो. अर्ध्या मिनिटाने अक्षरं आली. मी वाचलं: बाबा ऐकताहेत.

"ऐकताहेत ते कळलं. हो म्हणाले का?"

मी ते टाइप केलं. उत्तर आलं, काही बोलत नाहीत, पण बघताहेत. अण्णांनी मान डोलवली आणि तंबोरा छेडत बसले. सहा वाजले, साडेसहा वाजले. बाहेर अंधारून आलं. अण्णांनी कॅमेऱ्याला नमस्कार केला आणि मला बंद करा म्हणाले. तबलजी एक थाप न मारता उठले.

दुसऱ्या रविवारी हेच झालं. तिसऱ्या रविवारी तबलजी आले नाहीत. पण गाणं घरातून जगात जातंय ही बातमी तोवर पसरली होती. दुबईतले, पुण्यातले कोल्हापूरकर येऊन बसू लागले. एकदा तर सतरा माणसं होती. चौकटीत भराभर अक्षरं उमटत: अण्णा, सुरू करा की. गाणं कधी हाय? नुसता तंबोराच हाय का? मी ही वाक्यं वाचून दाखवत नसे. अण्णा तंबोऱ्याच्या तारांवर बोटं फिरवत कॅमेऱ्याकडे बघत बसत. त्या छोट्या काळ्या भिंगापलीकडे त्यांना एकच माणूस दिसत होता.

जेवणाची गोष्ट या सगळ्याहून वाईट होती. भरल्या पोटी अण्णा गात नसत. आणि सूर्य मावळल्यावर जेवत नसत. थंडीचे दिवस, सहा-सव्वासहाला सूर्य बुडायचा. म्हणजे दर रविवारी वाट पाहण्यात जेवण चुकायचं, ते सोमवारी सकाळपर्यंत उपाशी. त्यांना मधुमेह होता, गोळी चालू होती. सातव्या रविवारी तंबोरा ठेवून उठताना त्यांना भोवळ आली. मी आणि अक्कांनी धरून खाली बसवलं. साखर-पाणी पुढे केलं, तर त्यांनी खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बोट दाखवलं आणि ओठ मिटून घेतले.

त्यांना झोप लागल्यावर अक्का मला म्हणाल्या, "सात आठवडं झालं, लोकास्नी तंबोरा ऐकवतासा. त्या मेल्या यंत्रात वाचणारं तुमीच न्हवं?"

एवढंच बोलल्या. पण त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

आठव्या रविवारी अण्णांनी आज्ञा मागितली. चौकट कोरी होती. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले आणि मोठ्याने म्हणालो, "थोरले म्हणताहेत, गा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटले. बराच वेळ नुसता तंबोरा चालला आणि मग त्यात कधी आवाज मिसळला ते कळलंच नाही. मी त्यांचा मुलतानी माडीवरून चौदा वर्षं ऐकत होतो. त्या दिवशीचा तो नव्हता. खालचा निषाद त्यांनी लावला आणि कोमल गांधारापर्यंत यायला इतका वेळ घेतला की मला वाटलं, ते कुणाला तरी हाताला धरून पायरी पायरी वर आणताहेत. दारात अक्का उभ्या होत्या. पदर तोंडाशी होता. चौकटीत कुणीही काही लिहीत नव्हतं. बावीस माणसं होती, एकानेही नाही.

मग पंधरा मिनिटांनी एक ओळ उमटली. शैलाची. बाबा विचारताहेत, आज्ञा कुणी दिली?

मी ती वाचली नाही. मनात वाचली, मोठ्याने नाही. अण्णा तानेत होते. मी पडद्याच्या त्या भागावर हात ठेवला, जणू त्यांना दिसणारच होतं. गाणं आणखी दहा-बारा मिनिटं चाललं. संपल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, काही आलेलं नाही.

"नसंना का," ते म्हणाले. बाहेर अजून ऊन होतं. अक्कांनी घाईने ताट वाढलं. अण्णा दोन भाकऱ्या जेवले आणि तिसरी मागितली. जेवताना ते मला गुरूंच्या खोलीतल्या गमती सांगत होते. मी हं हं करत होतो. त्यांचं जेवण होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं, आणि झाल्यावरही बोललो नाही.

रात्रभर मला खालून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, की मला तसं वाटत होतं, सांगता येत नाही. सोमवारी ग्रंथालयात न जाता मी खाली गेलो आणि सगळं सांगितलं. अक्का मध्ये पडल्या, मीच तसं सुचवलं, म्हणाल्या. अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं.

"त्यांनी विचारलं कवा?"

"सुरू झाल्यावर पाव तासाने."

मला वाटलं, खोली सोडा म्हणतील. म्हटलं असतं तर मी सोडली असती. ते म्हणाले, "एकदा चोरून घेतलं. आता चोरून दिलं." आणि उठून सौद्याला गेले.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे कॅमेऱ्यासमोर बसले. आज्ञा मागण्याआधी म्हणाले, "मागल्या रविवारी आज्ञा नसताना गायलो. चूक माझी हाय. माफी असावी." मी काही बोलायला पुढे झालो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला मागे सारलं. मग त्यांनी आज्ञा मागितली. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी ते पाच वाजताच जेवून बसले होते. पुढेही तसंच करू लागले. अक्कांना हायसं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा ते जेवून तंबोऱ्याशी बसले, तेव्हा त्या आत जाऊन रडल्या. जेवून बसले म्हणजे आपण गाणार नाही हे अण्णांनी गृहीत धरलं होतं. तरी दर रविवारी वाकून विचारायचे. मी एकदा म्हणालो, अण्णा, आता कशाला? म्हणाले, "द्यायचं का न्हाय ते त्यांच्याकडं. मागायचं माझ्याकडं हाय."

ऐकणारे कमी होत गेले. बावीस होते ते पाच झाले, मग दोन, मग एकटी शैला. त्या दिवसांत मला एक गोष्ट सलत राहिली. मी खोटं बोललो नसतो, तर त्या रविवारी किंवा पुढच्या एखाद्या रविवारी थोरले खरंच हो म्हणाले असते का? सात रविवार ते एका माणसाला गप्प बसून वाट पाहताना बघत होते. त्याने दगडालाही काही झालं असतं. मी ती वाट मध्येच तोडली. अण्णांना वाचवण्यासाठी तोडली, असं मी स्वतःला सांगतो. कधी पटतं, कधी नाही.

श्रावणात शैलाचा फोन आला, थोरले गेले. अण्णांनी ऐकलं, फोन ठेवला, थंड पाण्याने आंघोळ केली आणि दिवसभर काही घेतलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "ते यंत्र वर न्या."

चार महिने कॉम्प्युटर वर होता. अण्णा घरात रियाज करत, अक्कांची आज्ञा घेऊन. माझ्याशी बोलणं होतं, पण गाण्याचं नाही. मग एक दिवस शैलाने मला फोन केला. म्हणाली, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, मध्ये सगळं सुटलं. बाबा अंथरुणावर असताना त्यांच्या उशाशी बसून पुन्हा सुरू केलं. गुरूंच्या पुण्यतिथीला मला गायचंय. इथे माझ्या घरातून गाईन, तिथे अण्णाकाकांनी ऐकावं. मी तिला त्या रविवारचं विचारलं. धाडस करून विचारलं. ती म्हणाली, "बाबांनी विचारलं खरं, आज्ञा कुणी दिली. पण बंद कर म्हणाले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं."

हे मी अण्णांना सांगितलं. पुण्यतिथीला बसायला ते तयार झाले.

कॉम्प्युटर पुन्हा खाली आला. या वेळी पडद्यावर शैला होती. चाळिशीची बाई, मागे उघडी खिडकी, बाहेर बर्फ. मांडीवर तंबोरा. आता आवाज तिकडून येणार होता आणि टाइप इकडून करायचं होतं. अण्णा सदरा-टोपी घालून पहिल्यासारखेच बसले, फक्त त्यांचे हात रिकामे होते. तिने तारा जुळवल्या. कान धरून आधी गुरूंचं, मग वडिलांचं नाव घेतलं. मग पडद्यात वाकली.

"अण्णाकाका, आज्ञा असावी."

मी कीबोर्डवर हात ठेवला आणि अण्णांकडे पाहिलं. ते बोलले नाहीत. मिनिट गेलं. शैला वाकलेलीच होती. पडदा मध्येच अडकावा तशी ती स्तब्ध होती, पण अडकला नव्हता, तिच्या खांद्यावरचा पदर हलत होता. आणखी एक मिनिट गेलं असेल. अण्णांचा जबडा घट्ट मिटलेला होता. पस्तिशीतल्या अण्णांना व्यासपीठावर जे मिळालं नव्हतं, ते द्यायचं की नाही हे आज त्यांच्या हातात होतं, आणि ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या मागच्या खिडकीकडे बघत होते.

अक्का दारातून म्हणाल्या, "अवं, पोरगी वाकून बसलीया."

"दिसतंय मला."

मग ते माझ्याकडे वळले. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला गाण्याबद्दल काही सांगितलं.

"लिवा, पुस्तकवाले. मी म्हणतो तेवढंच लिवा. गा."

मी तेवढंच लिहिलं. पलीकडे पोचायला वीस-पंचवीस सेकंद लागत. तेवढा वेळ अण्णा मान खाली घालून बसले होते. मग शैलाने वाचलं, डोळे पुसले आणि षड्ज लावला.